जुनी चेनसॉ पुन्हा चालू करताय? या चुका टाळा

जुनी चेनसॉ हाती आली की पहिली चूक पहिल्या पाच मिनिटांतच होते. टाकीत पेट्रोल ओतायचं, चोक ओढायचा आणि दोरीला हिसके मारत सुटायचं. मीही तेच केलं होतं. सहाव्या की सातव्या हिसक्याला ती फटफटली, भसकन धूर सोडला आणि अशी काही तडफेनं चालली की मला वाटलं, हिला कशाला हात लावायचा! तिसऱ्या मिनिटाला आवाज आपोआप चढत गेला आणि ती एकदम गप्प झाली. सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली, तर पिस्टनवर नखाला लागतील असे उभे चरे.

बिघाड होता वीसेक वर्षं वाळलेल्या ऑइल सीलमध्ये, म्हणजे शाफ्टभोवती हवा अडवणाऱ्या रबरी कड्यात. तिथून हवा आत शिरत होती. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे हवा वाढली की पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडतं. म्हणजे ती जी तडफ मला आवडली होती, तीच तिच्या मरणाची घाई होती. तेव्हापासून चालू झालेल्या जुन्या मशीनवर मी बंद पडलेल्या मशीनपेक्षा जास्त संशय घेतो.

दोरीला हात लावण्याआधी

स्पार्क प्लग काढा, आत टूटी (टू-स्ट्रोक) ऑइलचे चार थेंब सोडा आणि फ्लायव्हील हातानं सावकाश फिरवून बघा. जाम असेल तर जोर लावू नका. ऑइल मुरायला दोन-तीन दिवस द्या. मग सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन आणि रिंगा तपासा. रिंग बोटानं किंचित दबली पाहिजे. पंख्याचं कव्हर काढलं की सिलिंडरच्या पात्यांमध्ये भुसा आणि तेलाचा थर सापडतोच, कधी कुंभारमाशीचं मातीचं घरही निघतं. हे सगळं खरवडल्याशिवाय इंजिन थंड राहणार नाही.

हवेची गळती: सगळ्यात महाग पडणारी चूक

रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नसेल, किंवा मशीन आडवं-उभं केलं की आयडलिंग बदलत असेल, तर गळतीचा संशय घ्या. इथे बहुतेक जण कार्बोरेटरचा स्क्रू सैल करून पेट्रोल वाढवतात. दोन दिवस बरं चालतं, पण गळती वाढतच जाते.

घरी तपासता येतं. सायलेन्सर आणि कार्बोरेटरच्या जागी जुन्या ट्यूबचा तुकडा घालून दोन्ही तोंडं आवळून बंद करा, पिस्टन खाली ठेवा आणि प्लगच्या भोकातून गेज असलेल्या हातपंपानं साधारण अर्धा बार दाब द्या. काटा घसरायला लागला की सील, पॅकिंग आणि सिलिंडरच्या बुडाशी साबणाचं पाणी लावा. गळतीच्या जागी बुडबुडे येतील. दाब टिकला तरी काम अर्धंच झालं. आता पंप उलटा लावून हवा ओढून बघा. सीलचा ओठ दाबाखाली नीट बसतो आणि ओढलं की सुटतो, असं बऱ्याचदा होतं. ही दुसरी तपासणी लोक टाळतात, मीही एकदा टाळली आणि तेच इंजिन पुन्हा उघडलं.

कार्बोरेटर: डायफ्राम आणि स्क्रू

कार्बोरेटरमधला जुना डायफ्राम, म्हणजे लवचीक पातळ पडदा, हातात घ्या. कागदासारखा कडकडला तर स्वच्छ करत बसू नका, बदला. पेट्रोलची नळी आणि टाकीतला फिल्टरही त्याच वेळी नवा घाला. इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं जुनं रबर फुगतं आणि चिरतं. नवा संच बसवताना होणारी चूक म्हणजे पॅकिंग आणि डायफ्राम यांचा क्रम. बहुतेक कार्बोरेटरांत मीटरिंगच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या) बाजूला बॉडीवर आधी पॅकिंग आणि मग डायफ्राम, तर पंपाच्या बाजूला बरोबर उलट. उघडतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

‘एच’ (जास्त वेगाचा) आणि ‘एल’ (कमी वेगाचा) स्क्रू आत फिरवताना टेकले की थांबा. पिळलेत तर सुईची जागा खराब होते. तिथून दोन्ही एक-एक फेरा बाहेर, ही सुरुवात. पुढचं काम कानाचं. मोकळं पूर्ण रेस केल्यावर आवाज किंचित फडफडता, अडखळता हवा आणि करवत लाकडात टेकवली की तो साफ व्हायला हवा. मोकळ्यावरच सलग किंकाळी येत असेल तर ‘एच’ थोडा उघडा. ती किंकाळी ऐकायला छान वाटते, हीच तर पंचाईत.

ऑइलच्या प्रमाणावर वाद कधी संपत नाहीत. जुन्या मशीनच्या पट्टीवर 16:1 (16 भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) लिहिलेलं असतं, पण ते त्या काळच्या ऑइलसाठी. आजच्या चांगल्या टूटी ऑइलबरोबर मी 32:1 वापरतो, म्हणजे लिटरला सुमारे 31 मिली. आणि ‘जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित’ हाही भ्रमच. कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (छिद्रातून) ऑइल जास्त गेलं की पेट्रोल कमी जातं, म्हणून प्रमाण बदललं की कार्बोरेटर पुन्हा लावायलाच लागतो.

ठिणगी नाही? आधी वायर काढा

कॉइल बदलण्याआधी बंद करायच्या बटणाची वायर सोडवून बघा. सोललेली वायर बॉडीला टेकली तरी ठिणगी मरते. मग पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क. नुसत्या पडून राहिल्यानंही त्यांच्यावर गंज चढतो. जाड कागद सॉल्व्हंटमध्ये बुडवून मधून ओढा आणि अंतर फिलर गेजनं बघा, बहुतेक मशीनांत ते 0.4 मिमीच्या आसपास असतं.

पॉइंटपर्यंत जायला फ्लायव्हील काढावं लागतं, आणि इथे हातोडी बाहेर येते. शाफ्टच्या टोकावर घाव घातला तर आटे जातात, कडेला घातला तर पाती तुटतात. पुलर वापरा. इंजिन अडवायला प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडा, पण पिस्टननं एक्झॉस्टचं भोक झाकल्यावरच, नाहीतर दोरी त्यात अडकून कापली जाते. क्लचला बहुधा उलटे आटे असतात. तो सैल होत नाही म्हणून आणखी जोर लावणारा प्रत्यक्षात आवळत असतो. फ्लायव्हील निघालंच आहे तर त्याला शाफ्टवर नेमकं बसवणारी छोटी चावीही बघा. ती कातरली असेल तर ठिणगीचं टायमिंग सरकतं आणि सुरू करताना दोरी हातातून उलटी खेचली जाते.

गार असताना चालते, गरम झाली की बंद पडते? लगेच टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज येऊन मशीन पुन्हा चाललं तर टाकीचं हवेचं भोक तुंबलंय. काहीच फरक पडला नाही तर त्याच क्षणी, गरम असतानाच, ठिणगी बघा. ती नसेल तर कंडेन्सर किंवा कॉइलवर संशय घ्या.

साफसफाईचा अतिरेक

क्रँककेस बहुधा मॅग्नेशियमचा असतो, त्याला गंज काढायचं ॲसिड खातं. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा खातो. रॉकेल आणि ब्रश पुरतात. वाळूचा फवारा मारायचा मोह झाला, तर एक कण बेअरिंगमध्ये गेला की काय होतं ते आठवा.

चेन आणि बार

चेन, बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) यांचं माप जुळलंच पाहिजे. सलग तीन रिव्हेटांचं अंतर मोजून दोननं भागलं की चेनचा पिच मिळतो. बारच्या खाचेची रुंदी वेगळी मोजायची.

आजची ‘चिपर’ चेन जोसेफ कॉक्स यांनी 1947 मध्ये ओरेगनमध्ये विकायला काढली. लाकूड पोखरणारी अळी डावीउजवीकडे जबडे चालवते, हे पाहून त्यांना ती सुचली. म्हणूनच चेनमध्ये डावे-उजवे दात आलटून-पालटून येतात आणि एका बाजूचे कमी घासले गेले की काप वाकडा जातो. प्रत्येक दाताला गोल कानसेचे मोजून सारखेच हात द्या. दातापुढचा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली हवा. धार लावूनही भुसा पिठासारखा बारीक येत असेल तर हाच उंचवटा वर राहिलेला असतो. उलट तो फार घासला, तर करवत लाकडात झडप घालते आणि झटका देते. बऱ्याच जुन्या मशीनांना झटका बसताच चेन थांबवणारा चेन ब्रेकच नसतो, त्यामुळे बारच्या टोकाच्या वरच्या कोपऱ्यानं लाकडाला स्पर्शही करू नका.

बारच्या तेलाचा पंप काम करतोय का, हे बघायला टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या. तेलाची रेघ उमटली पाहिजे. काही मशीनांत हा पंप अंगठ्यानं दाबायचा असतो आणि कापण्याच्या नादात तो विसरला जातो.

पहिल्यांदा दहा मिनिटं काम करून घेतलंत की मशीन गार होऊ द्या, मग सायलेन्सर आणि सिलिंडरचे बोल्ट पुन्हा आवळा. पहिल्या उष्णतेनं नवं पॅकिंग बसतं आणि बोल्ट हमखास सैल होतात.