भोवत्यांची परतीची मोजणी: निघण्याआधी काय तयार ठेवावं

पळस फुलला की नागपूरच्या आसपासच्या माळांवर हिवाळा काढलेले भोवत्या (इंग्रजीत हॅरियर, हे शिकारी पक्षी) कझाकस्तान, रशियाच्या गवताळ प्रदेशांकडे परत निघतात. म्हणून तयारी होळीच्या आधीच उरकलेली बरी.

सगळ्यात आधी जागा हेरून ठेवा. माँटेग्यूचा आणि पांढुरका या भोवत्यांच्या दोन जाती. हे पक्षी दिवसभर एकेकटे हिंडतात, पण रात्री उंच गवतात जमिनीवर एकत्र मुक्कामाला येतात. खरी मोजणी तिथेच होते. वावर खासगी असेल तर मालकाला आदल्या दिवशी विचारा. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचून गवतापासून बऱ्याच अंतरावर धुऱ्यावर बसा, शक्यतो पश्चिमेकडे पाठ करून, म्हणजे पक्ष्यावर उजेड पडेल. गवतात पाय घालायचा नाही, पहाटेही नाही. हे पक्षी घिरट्या घालतात, उतरतात, पुन्हा उठतात. त्यामुळे वहीत दोन रकाने हवेत. उतरलेल्यांमधून पुन्हा उठलेले वजा केले की त्या संध्याकाळचा आकडा मिळतो. एकाने फक्त बघावं, दुसऱ्याने लिहावं.

ओळख घरीच चित्रांवरून घोटून घ्या. राखी नराच्या पंखावर वरून आडवी काळी पट्टी दिसली तर तो माँटेग्यूचा. पट्टी नाही, नुसती टोकाशी काळी पाचर असेल तर पांढुरका. माद्या अवघड. दोन्ही जातींत शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो, म्हणून नजर मानेवर ठेवा: पांढुरक्या मादीला तिथे फिकट कडं जास्त उठून दिसतं. तरी शंका उरली तर ‘भोवत्या, जात नक्की नाही’ असंच लिहा. ओढूनताणून दिलेल्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी मोलाची.

दिवसा मोजायचं असेल तर जमीन तापून गरम हवा वर चढायला लागल्यावर बसा. गोल फिरणारे पक्षी मोजू नका. वर पोहोचून एका दिशेने सुटतात तेव्हा मोजा. नागपुरातल्या भांडेवाडीच्या कचरा डेपोवर घिरट्या घालणाऱ्या घारी इथे वर्षभर असतात, त्या वेगळ्या धरा. दुर्बीण सूर्याकडे चुकूनही वळवू नका.

८ × ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण, पाणी, डोक्याला दुपट्टा, एवढं पुरे. वाऱ्याची दिशा, ढग, सुरुवातीची आणि शेवटची वेळ जागेवरच लिहा. एकही पक्षी आला नाही तर शून्य लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी पक्षी घटले की कुणी बघितलंच नव्हतं, हे कळणार नाही. अंधारात निघताना टॉर्च पायाशीच धरा, गवताकडे वळवू नका.