संशोधनाचे संदर्भ झोटेरोमध्ये कसे लावावेत

साताऱ्याच्या प्रतिसरकारावर (१९४३-४६) प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची साधने एका जागी कधीच नसतात. एखादा पूर्वीचा प्रबंध शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) मिळतो, वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशातील नोंद संकेतस्थळावर वाचता येते, जुने गॅझेटिअर इंटरनेट अर्काइव्हवर सापडते आणि कार्यकर्त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती आपल्याच मोबाइलमध्ये असतात. ही सारी साधने एकत्र ठेवण्यासाठी २००६ पासून उपलब्ध असलेले झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर मला सर्वांत भरवशाचे वाटते.

प्रथम झोटेरो संगणकावर घ्यावे, ब्राउझरमध्ये त्याचे कनेक्टर (उघडलेल्या पानाची माहिती झोटेरोत नेणारे जोड-साधन) जोडावे आणि खाते उघडावे. त्यानंतर एखादे पान उघडून कनेक्टरचे बटण दाबले की लेखक, शीर्षक, वर्ष यांची नोंद आपोआप होते; पुस्तकाचा आयएसबीएन किंवा लेखाचा डीओआय (त्यांचे ओळखक्रमांक) हाताशी असेल, तर तो जादूच्या छडीच्या चिन्हाखाली टाकला तरी पुरते.

मात्र आपोआप झालेली नोंद तशीच स्वीकारू नये, आणि मराठी साधनांच्या बाबतीत तर मुळीच नाही. प्रबंधाची नोंद कधी 'वेब पेज' म्हणून होते. तिचा प्रकार 'थिसिस' असा बदलून विद्यापीठाचे नाव घालावे. शोधगंगेवर प्रबंधाच्या प्रकरणांच्या पीडीएफ फाइली सुट्या असतात, त्या सर्व एकाच नोंदीखाली जोडाव्यात. एकाच लेखकाचे नाव एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये आले, तर संदर्भसूचीत दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात, म्हणून लिपी सुरुवातीलाच ठरवावी. जुन्या पुस्तकावर केवळ शालिवाहन शक छापलेला असेल, तर त्यात ७८ मिळवून (वर्षअखेरीच्या महिन्यांसाठी ७९) इसवी सन लिहावा आणि मूळ शक 'एक्स्ट्रा' या रकान्यात जपून ठेवावा.

स्थळनामांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे प्रतिसरकाराच्या काळातील कागदात 'सातारा' असे आले, तर ती घटना आजच्या सांगलीतील कुंडल परिसरातलीही असू शकते. शीर्षकातील मूळ नाव कधीही बदलू नये. त्याऐवजी नोंदीला 'सातारा', 'सांगली' असे दोन्ही टॅग द्यावेत, म्हणजे कोणत्याही नावाने शोधले तरी कागद हाती लागतो.

वाचताना उतरवलेल्या प्रत्येक वाक्यापुढे पृष्ठक्रमांक त्याच वेळी लिहावा. पुस्तक ग्रंथालयात परत गेल्यावर त्या एका आकड्यासाठी पुन्हा फेरी मारावी लागते, हे मी अनुभवाने सांगतो.

लेखन सुरू झाल्यावर वर्ड, लिब्रेऑफिस किंवा गुगल डॉक्समधूनच संदर्भ घालता येतात, आणि विभागाने मागितलेली एपीए, एमएलए वा शिकागो ही संदर्भ देण्याची पद्धत निवडली की शेवटची सूचीही तयार होते. नोंदींच्या समक्रमणाला (खात्यामार्फत ऑनलाइन प्रत ठेवण्याला, म्हणजे 'सिंक'ला) मर्यादा नाही, पण फाइलींसाठी मोफत जागा ३०० एमबीच आहे. स्कॅन केलेली पुस्तके ती लवकर व्यापतात. तेव्हा फाइलींचे समक्रमण बंद ठेवून, झोटेरो बंद असताना त्याच्या संपूर्ण डेटा फोल्डरची प्रत दर आठवड्याला पेनड्राइव्हवर घ्यावी. ते फोल्डर गुगल ड्राइव्हसारख्या क्लाउड फोल्डरमध्ये मात्र ठेवू नये, कारण त्यामुळे डेटाबेस बिघडू शकतो.