स्वतःचे घर बांधताना: मोजणीपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत

बांधकाम परवानगी म्हणजे नकाशावर पडलेला शिक्का आणि तो एकदा मिळाला की पुढे गवंडी व सिमेंट एवढेच उरते, अशी अनेक घरमालकांची समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक अडचणी शिक्का मिळाल्यानंतर सुरू होतात, कारण मंजूर नकाशातले घर आणि जागेवर उभे राहणारे घर यांत हळूहळू फरक पडत जातो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याच्या क्षेत्रात नियोजन प्राधिकरणाच्या (महापालिका, नगरपालिका यांसारख्या संस्थेच्या) परवानगीशिवाय विकासकाम करता येत नाही. केवळ अंतर्भागापुरती किंवा बाह्यस्वरूपात फारसा बदल न करणारी देखभाल-दुरुस्ती मात्र कलम ४३ मधून वगळलेली आहे. बृहन्मुंबईसाठी वेगळी नियमावली आहे. राज्याच्या बहुतांश उर्वरित भागात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजेच बोलीभाषेतली ‘यूडीसीपीआर’ लागू आहे आणि पुढील विवेचन तिला धरून आहे.

वास्तुविशारदाकडे जाण्यापूर्वी जमिनीची कागदपत्रे तपासावीत. सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक मालकाच्या नावे असणे पुरेसे नाही. धारणाधिकार भोगवटादार वर्ग २ चा, म्हणजे शासनाच्या शर्तींवर धारण केलेल्या जमिनीचा असेल, तर आधी महसूल खात्याकडील शर्तींची पूर्तता करावी लागते. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा, घ्यावी. हा खर्च अनेकांना वायफळ वाटतो. माझ्या तीन गुंठ्यांच्या प्लॉटची मोजणी झाली तेव्हा उताऱ्यावरचे तीन गुंठे जागेवर भरले नाहीत, कारण एका बाजूचे तारेचे कुंपण दीड फूट आत सरकलेले होते आणि ते केव्हा सरकले हे कोणालाच सांगता येईना. उतारा आणि मोजणी यांतील क्षेत्रांत तफावत असेल, तर चटई क्षेत्र निर्देशांकासाठी (भूखंडाच्या तुलनेत किती बांधता येते त्या प्रमाणासाठी) कमी असलेले क्षेत्र धरले जाते. म्हणून जुन्या आकड्यावर काढलेला नकाशा पुन्हा काढावा लागतो, आणि मला तो तसा काढावा लागला.

याच टप्प्यावर झोन दाखला (जमीन निवासी, शेती अशा कोणत्या विभागात येते याचा दाखला) व विकास आराखड्याचा भागनकाशा घेऊन प्लॉटमधून रस्तारुंदी किंवा आरक्षण जाते का, हे पाहावे. नदीकाठच्या गावांत पूररेषा पाहणे तितकेच आवश्यक असते. निळी पूररेषा ही सरासरी २५ वर्षांतून एकदा आणि लाल पूररेषा ही १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा नव्या बांधकामासाठी निषिद्ध असतो, तर निळ्या व लाल रेषेच्या मधल्या भागात जोते (पायावरचा चौथरा) लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवण्याच्या अटीवर परवानगी मिळू शकते. सांगली-कोल्हापूरकडे २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या अटीचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम प्रतिबंधित आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पुण्यात शनिवारवाड्याच्या भोवतालचे अनेक जुने वाडे याच नियमामुळे पुनर्विकासाविना उभे आहेत. प्लॉटवरून किंवा शेजारून विजेची तार जात असेल, तर तिच्यापासून सोडायचे अंतरही नकाशातच दाखवावे.

अर्ज परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारद यांच्यामार्फत, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन प्रणालीवर दाखल होतो. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील छोट्या घरांसाठी प्रक्रिया सोपी आहे: तांत्रिक व्यक्तीने नियमानुसार असल्याचे प्रमाणित केलेला नकाशा, मालकीची कागदपत्रे आणि शुल्क भरल्याची पोच यांवर काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडांसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. ‘परवानगीची गरज नाही’ असे ऐकून लोक नकाशाच दाखल करत नाहीत, ही मात्र मोठी चूक आहे. सवलत कार्यालयीन छाननीपुरती आहे. सामासिक अंतरे (घर आणि हद्द यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागा), उंची आणि चटई क्षेत्र यांच्या मर्यादांतून कोणालाही सूट नाही. १९६६ च्या अधिनियमातील कलम ४५ मधील साठ दिवसांच्या मानीव (मिळाली असे मानल्या जाणाऱ्या) परवानगीचेही तसेच आहे: प्राधिकरणाने मुदतीत उत्तर दिले नाही, तरी नियमांशी तंतोतंत जुळणाऱ्या प्रस्तावालाच ती लाभते. नुसत्या मौनाच्या भरवशावर पाया खणू नये.

परवानगीबरोबर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. त्यावरील अटी छोट्या अक्षरांत असल्या तरी मालकाने त्या स्वतः वाचाव्यात, विशेषतः वैधतेची आणि नूतनीकरणाची. त्यानंतर आखणी, आणि सर्वांत जास्त लक्ष देण्याची वेळ हीच. गवंडी फक्की टाकतो, खुंट्या ठोकून सूत ताणतो आणि सूत बहुधा कॉलमच्या मध्यावर धरतो. नकाशातील सामासिक अंतर मात्र भिंतीच्या बाहेरील अंगापासून हद्दीपर्यंत मोजलेले असते. नऊ इंची भिंतीची निम्मी जाडी आणि वर बाहेरचा गिलावा धरला, तर केवळ या गैरसमजामुळे प्रत्येक बाजूचे अंतर पाच-सहा इंचांनी घटते. म्हणून आखणीच्या दिवशी अभियंत्याला बोलवावे, ‘क’ प्रतीवरील हद्दीच्या खुणांपासून चारही बाजूंना टेप धरून मापे घ्यावीत आणि ती मंजूर नकाशाच्या छायाप्रतीवर पेनाने लिहून ठेवावीत. माझ्या घराच्या मागच्या बाजूला सूत चार इंच सरकवावे लागले. तेव्हा त्याला दहा मिनिटे लागली, जोते बांधून झाल्यावर तेच काम छिन्नी-हातोड्याने करावे लागले असते. जोते पूर्ण झाल्यावर प्राधिकरणाला कळवून जोते तपासणी करून घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत वरच्या कामाची घाई करू नये.

काम चालू असताना बदल सुचत राहतात: जिना बाहेरून घ्यावा, गच्चीवर एक खोली काढावी, बाल्कनी खिडक्या लावून बंद करावी. भिंतीआडचे किरकोळ बदल सोडले, तर असा प्रत्येक बदल सुधारित नकाशा मंजूर करून घेऊनच करावा. ‘आधी बांधू, मग दंड भरून नियमित करू’ हा सल्ला देणारे प्रत्येक नाक्यावर भेटतात, परंतु दंड भरूनही सामासिक अंतरातले बांधकाम नियमित होईलच याची हमी त्यांपैकी कोणी देत नाही.

काम पूर्ण झाल्यावर अभियंत्याच्या पूर्णत्वाच्या दाखल्यासह भोगवटा प्रमाणपत्रासाठी, म्हणजे घर वापरात आणण्याच्या प्राधिकरणाच्या दाखल्यासाठी, अर्ज करावा. घरपट्टी सुरू झाली म्हणजे घर अधिकृत झाले, असे कित्येकजण गृहीत धरतात. मात्र कर आकारणी ही वापरावर असते, परवानगीवर नाही. महापालिका क्षेत्रात अनधिकृत बांधकामावर शास्ती, म्हणजे कराव्यतिरिक्तचा दंड, भरावी लागू शकते, आणि ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ च्या निकालात तर वीज, पाणी आणि मलनिःसारणाची जोडणी भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावी, तसेच बँकांनीही ते पडताळूनच कर्ज मंजूर करावे, असे निर्देश दिले आहेत.

नोटीस आलीच, तर ती घेण्याचे टाळू नये. त्याच अधिनियमाच्या कलम ५४ ची नोटीस काम थांबवण्यासाठी असते आणि ती मिळताच काम थांबवावे. कलम ५३ च्या नोटिशीत दिलेल्या मुदतीतच, नियमात बसण्यासारखे बांधकाम असेल तर, ते कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो. उत्तर लेखी द्यावे, सोबत मंजूर नकाशा, जोते तपासणीचे प्रमाणपत्र आणि आखणीच्या दिवशी लिहिलेली मापे जोडावीत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी.