फिरतीच्या नोकरीत शरीर धडधाकट ठेवायचं तर

महिन्यातले पंधरा दिवस नाशिक, जळगाव, नांदेड, सोलापूर करत लॉजवर काढणाऱ्या माणसाचा व्यायाम बहुतेक वेळा एकाच कारणानं बुडतो. तो संध्याकाळवर टाकलेला असतो. फिरतीवर संध्याकाळ आपली नसते. डॉक्टर साडेआठनंतर वेळ देतात, डीलर जेवायला थांबवून घेतो, गाडी तासभर उशिरा येते. हातात असते ती सकाळ, तीही उठल्यापासून आंघोळीपर्यंतचीच. बऱ्याच लॉजवर गरम पाणी ठरावीक वेळेतच मिळतं. खोली घेतानाच ती वेळ विचारून घ्या आणि त्याच्या ३५ मिनिटं आधीचा गजर लावा. व्यायाम २० मिनिटांचा, बाकीची दम खाण्यासाठी.

सुरुवातीला सहा सूर्यनमस्कार, अगदी सावकाश. रात्रभर आखडलेली कंबर आणि खांदे मोकळे करण्यापुरतेच. नुसत्या सूर्यनमस्कारांवर भागत नाही, कारण त्यात शरीर जमिनीपासून ढकललं जातं, पण काही ओढावं लागत नाही. दिवसभर स्टिअरिंगवर किंवा लॅपटॉपवर वाकणाऱ्याची पाठ नेमकी ओढण्याच्या हालचालीला आसुसलेली असते. म्हणून पुढच्या चार गोष्टी, एकामागून एक, अशा तीन फेऱ्या करा. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विश्रांती.

१. बैठका १५. टाचा जमिनीवरून उचलल्या की भार गुडघ्यांवर येतो. टाचा टेकलेल्या राहतील तेवढंच खाली जा. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून करू नका, पाय सटकतो.

२. जोर ८ ते १२. जमिनीवर जमत नसतील तर हात पलंगाच्या कडेवर ठेवून करा. आधी पलंग सरकत नाही ना, ते पाहा. श्वास रोखू नका, रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

३. सॅक ओढणं, प्रत्येक हाताला १२. लॅपटॉप बाहेर काढून सॅकमध्ये पाण्याच्या एक लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या ठेवा, म्हणजे चार किलो झाले. एक हात पलंगावर टेकवा, पाठ सरळ ठेवा आणि दुसऱ्या हातानं सॅक बरगडीपर्यंत ओढा. हिसका दिला तर पाठीला काहीच मिळत नाही, सगळं काम खांदा करतो.

४. उताणं पडून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं, १५ वेळा, वर दोन सेकंद थांबून. तासन्‌तास बसण्यानं नितंबाचे स्नायू सुस्तावतात आणि त्यांचा भार कंबर उचलते. खाली टॉवेल किंवा चादर अंथरा. गादीवर केलं तर कंबर खचते.

हे आठवड्यातून तीन दिवस पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत ताकदीचा व्यायाम किमान दोन दिवस आहे, आणि त्याखेरीज आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल. फिरतीवर ती मिनिटं चालण्यातून सहज निघतात, कारण वाट पाहणं भरपूर असतं. २४ डब्यांच्या गाडीचा फलाट अर्ध्या किलोमीटरहून लांब असतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आलात की किलोमीटरभर होतं, बारा-चौदा मिनिटांत. गाडी ४० मिनिटं उशिरा असली तर तीन चकरा. त्यासाठी प्रवासात स्पोर्ट्‌स शूज पायात हवेत आणि चामड्याचे बॅगेत. बहुतेक जण उलटं करतात.

रात्रीच्या स्लीपर बसनं पहाटे पाचला उतरलात आणि झोप चार तासच झाली असेल, तर त्या दिवशी बैठका-जोर नकोत. दीडेक तास झोपा, उठल्यावर १५ मिनिटं उन्हात चाला. बुडालेला व्यायाम दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नका. दुखापती तिथेच होतात.

गाडीत बसण्याचंही शास्त्र आहे. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. ते तासन्‌तास निपचित राहिले की रक्त साचतं, पाय सुजतात. दर अर्ध्या तासानं जागेवरच टाचा वर-खाली, ३० वेळा. गाडी स्वतः चालवत असाल तर दर दोन तासांनी पाच मिनिटं उतरायचंच. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, सरळसोट आहे. तिथे थांबावंसंच वाटत नाही, म्हणून थांबा आधी ठरवून घ्या. तोही पेट्रोल पंपावर, रस्त्याच्या कडेला नाही. पाकीट मागच्या खिशातून काढून ठेवा, नाहीतर कंबर एका बाजूला कलते आणि मांडीत कळ जाते. लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्ताची गुठळी असू शकते. सोबत धाप लागली तर थेट रुग्णालय.

खाण्यात सगळ्यात आधी चहा मोजा. प्रत्येक दुकानात, प्रत्येक दवाखान्यात कप पुढे येतो. कपात दोन चमचे साखर धरली तर सहा कपांत ६० ग्रॅम, म्हणजे २४० कॅलरी, पोट न भरता. ‘नको’ म्हणणं अवघड जातं हे खरं. मग कटिंग मागा, किंवा दिवसातले दोनच कप साखरेचे आणि बाकी कोरा, बिनसाखरेचा.

दुसरी उणीव प्रथिनांची. ७० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५८ ग्रॅम लागतात, आणि पोहे-उपम्याच्या नाश्त्यात ती फारशी नसतात. सोबत दोन उकडलेली अंडी घेतली की १२ ग्रॅमची भर पडते. अंडी खात नसाल तर दूध किंवा दही. मिसळीतली मटकी उत्तम, घात करतात तर्री आणि फरसाण. तर्री वेगळी मागा, पाव एकच. दुपारच्या राइस प्लेटमध्ये जादा भाताऐवजी जादा वरण आणि दही. रात्री ढाब्यावर पनीर मसाल्यापेक्षा पिठलं-भाकरी बरी, तेल कमी घालायला सांगून. घरून निघताना दोन भाग फुटाणे, एक भाग भाजलेले शेंगदाणे मिसळून ५० ग्रॅमच्या पुड्या बांधा, दिवसाला एक. साडेचारच्या भुकेला वडापावऐवजी तीच उपयोगी पडते, आणि ११ ग्रॅम प्रथिनं मिळतात.

पाण्याचा प्रश्न बायकांना जास्त छळतो. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही, मग डोकेदुखी, बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ. उठल्या उठल्या अर्धा लिटर प्या, म्हणजे निघण्याआधी मोकळं होता येतं. नेहमीच्या मार्गावरचे स्वच्छ पंप, हॉटेलं आणि स्टेशनवरच्या प्रतीक्षालयांची यादी फोनमध्ये करून ठेवा, सोबतच्या बायकांनाही द्या. दिवसभर घोट घोट पीत राहा. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय.

वजनकाटा गावोगावी वेगळा आकडा दाखवतो, त्यामुळे पट्टी वापरा. महिन्याच्या एक तारखेला, सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून पोटाचा घेर बेंबीपाशी मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. सलग दोन महिने वाढला तर आधी चहाची साखर आणि रात्रीचा भात कमी करा, व्यायामाच्या फेऱ्या तेवढ्याच ठेवा.