बांधकाम करारात बीआयएम मॉडेल आणताना कोणती कलमे आधी लिहून घ्यावीत

इमारतीचे बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) मॉडेल, म्हणजे घटकांच्या माहितीसह संगणकावर उभी केलेली त्रिमितीय प्रतिकृती, करून घ्यायचे ठरले, की पहिल्या बैठकीत चर्चा होते ती सॉफ्टवेअरची आणि परवान्यांच्या खर्चाची. करार मात्र कागदी नकाशे गृहीत धरून लिहिलेल्या जुन्याच मसुद्यावर होतो. म्हणून निविदा काढण्यापूर्वीच मालक, वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि वकील यांनी एकत्र बसून काही गोष्टी लेखी ठरवाव्यात.

सर्वांत आधी मॉडेलचा दर्जा ठरवावा. साइटवर काम चालते ते ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’ असा शिक्का मारलेल्या नकाशावर, आणि मॉडेल ‘केवळ माहितीसाठी’ म्हणून फिरत राहते. मॉडेलमध्ये तुळईखालून नेलेली एसीची डक्ट नकाशात तुळईच्या आरपार दाखवली असेल, तर तोडफोडीचा खर्च कोणाच्या माथी, हे करारातील कागदपत्रांच्या अग्रक्रमाच्या यादीवरून (विसंगती असल्यास आधी कोणते मानायचे) ठरते. आणि त्या यादीत बहुधा मॉडेलचे नावच नसते. सगळे नकाशे मॉडेलमधूनच काढले जात असतील, तर माझ्या मते जागा आणि पातळी यांबाबत मॉडेलला, तर सळ्यांची मांडणी आणि जोडांचे तपशील यांबाबत नकाशांना अग्रक्रम द्यावा. विसंगती आढळल्यास कंत्राटदाराने किती दिवसांत कळवायचे आणि उत्तर कोणी द्यायचे, हेही त्याच कलमात यावे. ‘केवळ माहितीसाठी’ या शेऱ्याने सल्लागार सुरक्षित राहतो खरा, पण मग मालकाने मॉडेलसाठी मोजलेले पैसे कशाचे, हा प्रश्न उरतोच.

मॉडेलमधून परिमाणे काढून बिले द्यायची असतील तर अधिक सावध राहावे. आपल्याकडे मोजणी आयएस १२०० या मानकाप्रमाणे होते, आणि त्यानुसार गिलाव्याच्या मोजणीत ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या खिडकी-झरोक्यांची वजावट करत नाहीत. सॉफ्टवेअर मात्र भिंतीतले लहानसे भोकही इमानेइतबारे वजा करते. परिणामी मॉडेलचा आकडा आणि मोजमाप पुस्तिकेतला आकडा जुळत नाहीत, आणि गंमत अशी की दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. देयक कोणत्या आकड्यावर निघेल, हे परिमाण-पत्रकाच्या (कामाच्या बाबी आणि त्यांची मापे यांच्या यादीच्या) प्रस्तावनेतच स्पष्ट करावे.

मालकीचा प्रश्न ‘मॉडेल मालकाचे राहील’ एवढ्या वाक्याने सुटत नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी व्हावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांचीच मानली जाते. इमारतीची देखभाल पुढे कित्येक दशके करायची असताना ही मुदत फार तोकडी आहे. म्हणून मुदत, वापराचा हेतू आणि दुरुस्तीचा हक्क स्पष्ट नोंदवावा. मूळ संपादनयोग्य फाइल मिळणार की केवळ आयएफसी प्रत (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या खुल्या स्वरूपातली फाइल), हेही विचारून घ्यावे. दारे-खिडक्यांचे वर्षानुवर्षे जमवलेले तयार डिजिटल घटक वास्तुविशारदाकडेच राहू द्यावेत. त्यावर अडून बसण्यात अर्थ नाही.

मॉडेल ज्या सामायिक सर्व्हरवर असते त्याच्या किल्ल्या कोणाकडे, हा मुद्दा हमखास सुटतो. फॉकलंड बेटांवरील वीजनिर्मिती केंद्राच्या कामात कंत्राटदार ट्रँट इंजिनिअरिंग आणि मॉट मॅकडोनाल्ड यांच्यात मानधनाचा वाद झाला, तेव्हा सल्लागार असलेल्या मॉट मॅकडोनाल्डने सर्व्हरवरील आराखड्यांच्या माहितीचा प्रवेशच बंद केला, आणि २०१७ मध्ये ट्रँटला इंग्लंडच्या न्यायालयाकडून अंतरिम आदेश मिळवून तो उघडून घ्यावा लागला. सर्व्हरचे खाते मालकाच्या नावे ठेवावे, आणि देयकाचा वाद चालू असतानाही प्रवेश रोखता येणार नाही, असे कलम घालावे.

शेवटी पुराव्याची तजवीज. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्याच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा सांकेतिक आकडाही, नोंदवावा लागतो. जुन्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अधोरेखित केली, ती जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीच्या वादात. लवादावर हा कायदा जसाच्या तसा बंधनकारक नाही. तरीही प्रत्येक टप्प्यावर मॉडेलची एक गोठवलेली प्रत, तिचे हॅश मूल्य, तारीख आणि ती चढवणाऱ्याचे नाव अशी नोंदवही ठेवण्याची जबाबदारी करारात एका ठरावीक व्यक्तीवर सोपवावी, आणि तिचे मानधनही त्यातच धरावे.