आठ मिनिटं बोला, नंबर सेव्ह होऊ द्या: सोसायटीत थेट हापूस विकणाऱ्या बागायतदारांसाठी

मुंबई-पुण्याच्या सोसायटीत पेट्या घेऊन येणारा बागायतदार सहसा दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर गेटपाशी टेबल मांडून दिवसभर उभा राहतो आणि संध्याकाळी उरलेला माल पडत्या भावात देऊन परततो. नाहीतर कुणाकडून तरी हजारभर नंबर मिळवतो आणि सगळ्यांना एकाच दमात ‘अस्सल हापूस उपलब्ध’ पाठवतो. टेबलावर भेटलेली माणसं पुढच्या वर्षी कुठे शोधायची कळत नाही, आणि हजार नंबरांतल्या एकानेही तुमचा आंबा चाखलेला नसतो.

या हजार नंबरांची खरी गोम वेगळीच आहे. व्हॉट्सॲपच्या साध्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. स्टेटसचंही तसंच: दोघांनी एकमेकांचे नंबर सेव्ह केलेले असले तरच दिसतं. म्हणजे तुमच्याकडे किती नंबर आहेत याला काही किंमत नाही, तुमचा नंबर किती फोनांत आहे तेवढाच हिशेब. तो परक्याच्या फोनमध्ये जाण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे सोसायटीचा हॉल. समोर साठ माणसं, हातात आंबा आणि आठ मिनिटं.

कधी आणि कुठे

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू चालतं, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, ८ मार्चला महिला दिन, मग पाडवा. अक्षय्य तृतीयेला आंबा घरात आणायचाच असा अनेक घरांचा रिवाज आहे, पण तेव्हा बोलायला गेलात तर उशीर झालेला असतो; पेटी कुणाकडून घ्यायची ते आधीच ठरलेलं असतं. सगळ्यांत चांगला काळ महिला दिन ते पाडवा. हाताशी थोडी पिकलेली फळं असतात आणि लोकांनी अजून ऑर्डर दिलेली नसते.

हळदीकुंकवाला जायचं असेल तर घरातल्या बाईने बोलावं. नुसतं बरं दिसतं म्हणून नव्हे. अढी, म्हणजे पेंढ्यात आंबे पिकत घालणं, बहुतेक घरांत तीच लावते, आणि प्रश्न येतात ते अढीचेच.

सेक्रेटरींना महिनाभर आधी भेटा आणि ‘विक्री करायची आहे’ असं न सांगता ‘पेटी घरी आल्यावर आंबा कसा पिकवायचा ते आठ मिनिटांत दाखवतो’ असं सांगा. खरंच तेवढंच करायचं आहे, त्यामुळे यात लबाडी नाही. वेळ मागताना सत्काराच्या आधीची मागा. एकदा का मागे ताटं वाजायला लागली की पुढे कोण बोलतंय याची कुणालाही फिकीर नसते.

सोबत काय न्यायचं

एक करकरीत हिरवा आंबा, एक अर्धवट रंग धरलेला, आणि चवीसाठी पूर्ण पिकलेले पाच. एका फळाच्या दोन फाका होतात, एका फाकेचे सहा तुकडे. पाच फळांत साठ माणसं होतात. धारदार सुरी, पाट, टूथपिक, हात पुसायला ओलं फडकं, मूठभर भाताचा पेंढा आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. भौगोलिक मानांकनाची नोंदणी असेल तर प्रमाणपत्राची प्रत. हापूसला हे मानांकन २०१८ साली मिळालं आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. पण बाग या जिल्ह्यांत असणं पुरेसं नाही, मानांकनाचं चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावाने नोंद लागते. ती नसेल तर पेटीवर चिन्ह छापू नका.

माईकचं आधी ठरवा. एका हातात माईक आणि दुसऱ्या हातात सुरी घेऊन आंबा कापता येत नाही, हे स्टेजवर गेल्यावर कळून उपयोग नाही. कॉलरला लावायचा माईक घ्या, नाहीतर धरायला कुणीतरी उभं करा. हातात धरायचा असेल तर तोंडापासून चार बोटं लांब आणि हनुवटीच्या किंचित खाली. जाळीवर मूठ आवळली किंवा स्पीकरच्या पुढ्यात जाऊन उभं राहिलं की शिट्टी वाजते. तीस-चाळीस माणसं आणि बंदिस्त खोली असेल तर माईक नकोच, फक्त पंखे मंद करायला सांगा.

आठ मिनिटं कशी वापरायची

निवांत मराठी बोलताना मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे आठ मिनिटांत नऊशेच्या आसपास, आणि कापण्या-वाटण्यात दोन मिनिटं जाणार म्हणून तयारी सातशे शब्दांचीच करा. लिहून काढा, घड्याळ लावून तीनदा मोठ्याने म्हणा, मग कागद घरी ठेवा. बोली बदलू नका. मालवणी किंवा संगमेश्वरी हेल असेल तो राहू द्या. ओढूनताणून पुस्तकी बोलायला गेलं की माणूस अडखळतो आणि त्याचं सगळं लक्ष शब्द शोधण्यात जातं.

‘व्यासपीठावरील मान्यवर’ वगैरे एका वाक्यात आटपा. सुरुवात फळाने करा. साल किंचित सुरकुतलेला एक पिकलेला आंबा उंच धरायचा आणि विचारायचं, ‘हा आंबा तुमच्या पेटीत निघाला तर खाल की परत पाठवाल?’ निम्मे जण ‘परत’ म्हणतात. मग तोच कापायचा आणि पहिल्या रांगेत फिरवायचा. हापूस पूर्ण पिकला की साल थोडी सैल पडते, गोडी त्याच दिवसांत असते, हे मग वेगळं पटवून द्यावं लागत नाही. बोलताना तुकडे मागपर्यंत पोचायला दीड मिनिट लागतं. तेवढ्या वेळात करकरीत फळ हातात घेऊन अढी दाखवा: पेंढा पसरायचा, फळं एका थरात, वर पुन्हा पेंढा, दोन दिवसांनी फळं फिरवायची, पिकलेली वेगळी काढायची. पिकण्याआधी फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, थंडीने पिकणं अडतं आणि फळ बेचव होतं.

मग काटा. एक फळ तोलून दाखवा, २५० ग्रॅम. डझनाला ३ किलो. इथेच सांगून टाका की पिकताना पाणी उडून वजन उतरतं, त्यामुळे चार-सहा दिवसांनी घरी तोललं तर कमी भरेल. हे आधी सांगितलं तर माहिती ठरते. तक्रार आल्यावर सांगितलं तर सबब वाटते.

साक्याबद्दलही स्वतःच बोला, कुणी विचारायची वाट बघू नका. साका, म्हणजे आतला पांढरट स्पंजसारखा भाग, बाहेरून ओळखता येत नाही. चांगल्या बागेतल्या चांगल्या फळातही निघतो. म्हणून नियम सांगायचा: कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या खेपेत मिळतील किंवा पैसे परत. पेटी मिळाल्यापासून किती दिवसांत फोटो पाठवायचा तेही ठरवा. आमच्या मते दहा दिवस ठीक, कारण कच्ची पेटी पिकायलाच आठवडा घेते.

प्रश्न ठरलेले असतात. ‘कार्बाईड वापरता का?’ यावर चिडू नका. कॅल्शियम कार्बाईडने फळं पिकवायला देशात बंदी आहे. इथिलीन वायूने, १०० पीपीएमच्या मर्यादेत, पिकवायला परवानगी आहे. तुम्ही पेंढ्यात पिकवता की इथिलीनच्या खोलीत, जे असेल ते सांगा. ‘फवारणी करता का?’ याचं उत्तर बहुतेक बागांत ‘हो, तुडतुड्यांसाठी’ हेच आहे. ‘केमिकल फ्री’ म्हणून मोकळं होऊ नका, आणि प्रमाणपत्र नसेल तर सेंद्रिय हा शब्द तोंडातूनही काढू नका. ‘बाजारात स्वस्त मिळतो’ म्हणणाऱ्याशी हुज्जत घालू नका. एका पेटीत किती फळं, किती वजनाची, कुठल्या गावची, एवढं सांगितलं की ऐकणारे स्वतः तुलना करतात.

नंबर सेव्ह करून घेण्याची दोन मिनिटं

सगळ्यांत जास्त घाई इथेच होते आणि सगळं मुसळ केरात जातं. लोक तुकडा खाऊन खूश असतात, बोलणारा ‘धन्यवाद, माझं कार्ड टेबलावर आहे’ म्हणतो आणि उतरतो. कार्ड पर्समध्ये जातं आणि तिथेच राहतं.

त्याऐवजी व्हॉट्सॲप बिझनेसमधला क्यूआर कोड मोठा छापून न्या. स्कॅन करायच्या अंतराच्या साधारण एक दशांश आकार धरा: दोन मीटरवरून स्कॅन करायचा तर कोडची बाजू वीस सेंटिमीटर. चकाकणारं लॅमिनेशन नको, ट्यूबलाइट परावर्तित होऊन कोड वाचला जात नाही. ॲपमध्ये कोडला तयार मेसेज जोडता येतो. ‘अढीची माहिती पाठवा’ एवढाच ठेवा. आणि एकदा छापल्यावर ॲपमधलं कोड रीसेट करायचं बटण दाबू नका, जुना कोड मरतो आणि छापलेले सगळे कागद रद्दी होतात.

स्टेजवरून म्हणायचं असं: ‘आत्ता जे दाखवलं ते फोटोंसकट एका पानावर लिहून ठेवलंय. हा कोड स्कॅन करून मेसेज पाठवा, माहिती लगेच येईल, फोटोंचं पान मागोमाग. आणि नंबर “आंबा” नावाने सेव्ह करा, नाहीतर पेट्या निघाल्याचा मेसेज तुम्हाला येणार नाही.’ मग गप्प बसायचं. पूर्ण चाळीस सेकंद. ही शांतता बोलणाऱ्याला खायला उठते, पण त्या वेळेतच लोक फोन काढत असतात. माहिती आपोआप जावी म्हणून ॲपमधला ग्रीटिंग मेसेज आधीच लावून ठेवा: अढीची कृती मजकुरात लिहून, शेवटी ‘नंबर सेव्ह केलात ना?’ अशी आठवण. फोटोंचं पान मग हाताने पाठवा. ज्येष्ठ मंडळींसाठी वहीपेन आणि एक चुणचुणीत मुलगा किंवा मुलगी फिरवा, जी त्यांच्याच फोनमध्ये नंबर सेव्ह करून देईल.

त्याच रात्री

घरी पोचलात की आलेले सगळे नंबर सेव्ह करा: नाव, विंग, सोसायटी, वर्ष. ‘सुनीता बी ४०२ शिवाई २६’ अशा धर्तीवर. सोसायटीचं एक लेबल आणि एक ब्रॉडकास्ट लिस्ट. ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, एकाच्या तक्रारीवर वीस जण बोलतात, आणि न विचारता घातलेला माणूस बाहेर पडण्याआधी रिपोर्ट करून जातो. रिपोर्ट वाढले की नंबर बंद होतो, तोही ऐन एप्रिलात. एकगठ्ठा मेसेज पाठवणारी बाहेरची सॉफ्टवेअरं याच कारणाने टाळा.

व्हॉट्सॲप बिझनेसमधल्या कॅटलॉगमध्ये तीनच वस्तू ठेवा: लहान, मध्यम, मोठं फळ, प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये, डझनाचा भाव, पोच खर्च धरून की वगळून. फोटो सावलीत, सकाळी, काट्यावर ठेवलेल्या फळाचा. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो लोक लगेच ओळखतात.

हंगाम सुरू होईपर्यंत आठवड्याला एक मेसेज, तोडणी सुरू झाल्यावर दोन. मेसेज असा: ‘शनिवार १८ तारखेला तुमच्या सोसायटीत ३० पेट्या. २५०–२७५ ग्रॅम, कच्च्या, खायला साधारण २५ पासून. हव्या असतील तर डझन आणि विंग लिहा. गुरुवारी रात्री ९ ला यादी बंद.’ यात ‘सुवर्णसंधी’ नाही, सहा आंब्यांच्या इमोजी नाहीत. तारीख, वजन, संख्या आणि शेवटची वेळ आहे. तीसच्या तीस भरल्या की ‘भरल्या’ असं कळवा आणि एकतिसाव्याला खरंच नाही म्हणा.

व्हिडिओ हवाच, पण लांबण नको. फोन उभा, चाळीस सेकंद, पहिल्याच क्षणी झेल्यात, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीत, पडणारं फळ. देठासकट काढलेलं फळ आणि देठ तुटून चीक सालीवर ओघळलेलं फळ शेजारी धरून दाखवा. सालीवर काळे डाग का पडतात ते एका वाक्यात कळतं. वारा सुटण्याआधी सकाळी शूट करा, माईकवर घोंघाट येत नाही. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं देवनागरीत ठळक अक्षरांत खाली लिहा. तोच व्हिडिओ स्टेटसला आणि इन्स्टाग्रामवर रील म्हणून चालतो. मात्र अनोळखी लोकांचे हजार व्ह्यू मिळाले म्हणून भाळू नका, पोचवण्याची सोय नसलेल्या शहरातल्या व्ह्यूचं काही होत नाही.

बिनसतं कुठे

बहुतेक वेळा तारखेवर. अवकाळी पाऊस झाला, तोडणी दोन दिवस लांबली, आणि बागायतदार गाडी निघेपर्यंत गप्प राहिला. उशीर कळला त्याच तासाला ब्रॉडकास्ट करा, नवी तारीख द्या आणि पैसे परत हवे असतील तर तेही लिहा. त्यानंतर पैशावर: यूपीआयने आलेली रक्कम बँकेच्या नोंदीत बघितल्याशिवाय पेटी सोडू नका, स्क्रीनशॉट बनावट असू शकतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे पेट्या वाटणाऱ्या मुलालाही पढवून ठेवा.

प्रत्येक सोसायटीची वहीत एक ओळ ठेवा: किती जण बसले होते, किती मेसेज आले, किती जणांनी पेटी घेतली, दुसऱ्यांदा किती जणांनी घेतली. पहिल्या दोन आकड्यांत मोठी दरी असेल तर चाळीस सेकंद तुम्ही गप्प बसला नाहीत. मेसेज भरपूर पण पेट्या कमी, तर भाव किंवा पोचवण्याचा दिवस जमत नाही. पहिली पेटी गेली आणि दुसरी गेली नाही, तर फळ तपासा.

पाऊस सुरू व्हायच्या आत चॅटचा बॅकअप घेऊन ठेवा. मग थेट डिसेंबरात, कलमं मोहोरली की, त्याच यादीला मोहोराचा एक फोटो पाठवा, भाव न लिहिता.