पायलट व्हायचंय? मग बेळगाव भागातल्या पोरांनो, या चुका टाळा

सकाळी साडेपाचला व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला गेलं की पळणारी पोरं दिसतात, कोण कडोलीचा, कोण येळ्ळूरचा, कोण खानापूरहून येऊन खोली घेऊन राहिलेला. एखाद्याला थांबवून विचारलं की काय रे कशाची तयारी चाललीय, तर त्यातला एखादा सांगतो, "एअरफोर्स, पायलट." ऐकून बरं वाटतं. खरं पुढचा प्रश्न विचारला की पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) काय घेतलंयस, तर तो म्हणतो आर्ट्स. आणि तिथं मला काय बोलावं ते सुचत नाही, कारण तो रोज पाच किलोमीटर पळतोय आणि त्याला कोणी सांगितलेलंच नाही की हा दरवाजा दहावीनंतरच बंद झाला.

म्हणून हे सगळं लिहितोय. आपल्याकडे भरतीची हवा आहे, सैन्याचं मराठा लाइट इन्फंट्री सेंटर गावात आहे, सांबऱ्याला एअरफोर्स आहे, पण त्यामुळेच एक गोंधळ होतो. सांबऱ्यात आहे ते एअरमन ट्रेनिंग स्कूल, तिथं अग्निवीरवायू तयार होतात. ती सेवा मोठी आहेच, पण त्या भरतीतून कोणी थेट पायलट होत नाही. विमान उडवणारा ऑफिसर असतो आणि त्याचे रस्ते वेगळे: बारावीवर एनडीए (नॅशनल डिफेन्स अकॅडमी), डिग्रीवर सीडीएस किंवा एएफकॅट या परीक्षा, आणि एनसीसी एअर विंगचं सी सर्टिफिकेट असेल तर स्पेशल एन्ट्री. "आधी अग्निवीरमध्ये जाऊया, तिथनं पायलट होता येतंय" असं सांगणारे खूप भेटतात, त्या भरवशावर दोन वर्षं घालवू नका.

एनडीएच्या एअरफोर्ससाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स तिन्ही लागतात. आपल्या भाषेत पीसीएमबी किंवा पीसीएमसी (या तिन्हीबरोबर बायो किंवा कॉम्प्युटर) चालतं, नुसतं बायो घेतलं आणि मॅथ्स सोडलं तर फ्लाइंग संपलं. डिग्रीनंतर सीडीएस किंवा एएफकॅट देणाऱ्यालाही (सीडीएसला इंजिनिअरिंग सोडून दुसरी डिग्री असेल तर) बारावीचं मॅथ्स-फिजिक्स विचारतातच. तेव्हा हा निर्णय दहावीच्या सुट्टीत होतो, आणि घरात तो बहुतेक वेळा डॉक्टर की इंजिनिअर एवढ्यावरच होतो. मुलींच्या घरी तर हा विषय निघतच नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं एनडीए मुलींना खुलं केलं, २०२२ ला पहिली बॅच गेली, आणि त्याच्या आधी २०१६ मध्येच तीन मुली फायटर पायलट झाल्या होत्या. ज्या मुलीला मॅथ्स येतं तिला निदान फॉर्म तरी भरू द्या.

आता डोळे. यावर जास्त लिहिणार आहे कारण माझं स्वतःचं इथंच गेलं.

मी लेखी पास झालो, म्हैसूरच्या एअरफोर्स निवड बोर्डात रेकमेंड झालो, बाबांनी गल्लीत कुंदा वाटला. मग बेंगळुरूला मेडिकल. डोळ्यात थेंब टाकून तपासलं आणि उजव्या डोळ्याला मायनस नंबर निघाला. मला फळा दिसत होता, बसचा बोर्ड दिसत होता, कधी चष्मा लागला नव्हता, त्यामुळे डोळे चांगलेच आहेत असं मी धरूनच चाललो होतो. फ्लाइंगला मायनस नंबर चालत नाही, एका डोळ्याला ६/६ आणि दुसऱ्याला ६/९ लागतं, तेही पुढं प्लस नंबरनं ६/६ होणारं. माझ्या तयारीची दोन वर्षं मी अशा परीक्षेसाठी घातली ज्यात मी आधीच नापास होतो आणि ते मला एका तपासणीत कळलं असतं.

त्यामुळे सगळ्यात आधी, क्लास लावायच्या आधी, डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर नाही, डॉक्टरकडे, आणि थेंब टाकून नंबर काढायला सांगा. रंग ओळखायचं ठिपक्यांचं पुस्तक असतं ते पण दाखवायला सांगा, रंगांधळेपण घरात कोणालाच माहीत नसतं आणि ते बरं होत नाही. लेसिक करून घेतो म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधी केलेलं ऑपरेशन चालत नाही, आणि एनडीएचं वयच साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे एनडीएसाठी त्याचा उपयोग नाही. डिग्रीनंतर जाणाऱ्यानं मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीतल्या अटी ओळ न् ओळ वाचून मगच डॉक्टरशी बोलावं.

त्याच दिवशी टेपनं उंची मोजा. कमीत कमी १६२.५ सेंटिमीटर पाहिजे, पण नुसती उंची नाही, पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, मांडीची लांबी ६४ च्या आत आणि बसून मोजलेली उंची ८१.५ ते ९६, कारण कॉकपिटमध्ये माणूस बसला पाहिजे आणि त्याचे पाय रडरपर्यंत पोचले पाहिजेत. सहा फुटी पोरगं मांडीच्या मापात बाहेर पडू शकतं, हे आपल्याकडे कोणाला पटत नाही. नाकाचं वाकडं हाड, कानातला मळ, मूळव्याध, जास्तीचं वजन यातलं बरंच आधी नीट करून घेता येतं, आणि गोंदवायची हौस असेल तर थांबा, हाताच्या ठराविक जागा सोडून कुठंही कायमचं गोंदवलेलं चालत नाही.

पळण्याबद्दल. आर्मीच्या भरती रॅलीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढलं की पूर्ण मार्क मिळतात म्हणून पोरं सगळा जीव त्यातच घालतात. ऑफिसर एन्ट्रीत पळून निवड होत नाही. एअरफोर्स उमेदवाराकडून अपेक्षा एवढीच की साधारण पळणं, पुशअप्स आणि चिनअप्स जमावेत. तुमची सकाळ आधीच चांगली आहे, राहिलेला वेळ मॅथ्सला द्या. एनडीएचा पेपर ९०० मार्कांचा, त्यात मॅथ्स ३००, आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापतात. मराठी शाळेतनं येऊन पीयूसीला इंग्लिश मीडियम झालेल्यांची भीती मला माहीत आहे, मी पण तिथलाच. खरं एनडीएचा मॅथ्सचा पेपर हिंदी-इंग्लिश दोन्हीत असतो. इंग्रजीची सवय रोज थोडी लावायला पाहिजे, एएफकॅट तर पूर्ण इंग्लिशच आहे.

आणि सीईटीच्या गडबडीत एनडीए विसरू नका. वर्षातनं दोन पेपर असतात, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरला, आणि पहिला नेमका बारावी-सीईटीच्या धामधुमीत येतो. फॉर्म शेवटच्या दिवसापर्यंत ठेवला तर जवळचं सेंटर भरून जातं, कारण सेंटर आधी भरणाऱ्याला आधी मिळतं, मग धारवाड सोडून लांब जायला लागतं. फॉर्ममध्ये पसंतीक्रम विचारतात तिथं मित्रानं लिहिलं तेच लिहू नका, एअरफोर्स पाहिजे तर एअरफोर्स वर.

निवड बोर्डात काय चुकतं, तर एक म्हणजे पाठ केलेल्या गोष्टी. चित्र बघून गोष्ट लिहायची असते, पोरं क्लासमध्ये पाठ केलेला हिरो आणतात जो पूर येऊ दे आग लागू दे सगळं एकटाच करतो. दुसऱ्या टेस्टमध्ये साठ शब्द दाखवतात, प्रत्येकावर लिहायला पंधरा सेकंद, त्यात पाठांतर टिकत नाही आणि मग इंटरव्ह्यूत तुमचं बोलणं आणि तुमचं लिहिणं दोन वेगळ्या माणसांचं निघतं.

दुसरं फक्त आपलंच आहे. फॉर्मवर बेळगाव बघितलं की इंटरव्ह्यूत सीमाप्रश्न निघू शकतो. आणि आमची पोरं तिथं एकतर तापतात नाहीतर "मला माहीत नाही सर" म्हणून गप्प बसतात, दोन्ही चुकीचं. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग, २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, एवढं तरी माहीत पाहिजे, दोन्ही बाजू काय म्हणतात ते शांतपणे सांगता आलं पाहिजे, आणि मग तुमचं मत विचारलं तर सांगा. तुमच्या मनातला राग त्यांना नको असतो, तुम्ही घरच्या दुखऱ्या विषयावर डोकं ठिकाणावर ठेवून बोलता का ते बघायचं असतं. कन्नड येत असेल तर येतं म्हणा. मराठी घर, कन्नड बाजार, हिंदी-इंग्लिश कॉलेज, चार भाषांत वाढलेला पोरगा ही आपली ताकद आहे आणि आपण ती लपवतो.

आता सीपीएसएस. फ्लाइंगसाठी ही कॉम्प्युटरवरची पायलट टेस्ट असते, डायल वाचणं, जॉयस्टिक, पायाखालचे रडर, हात-डोळा-पाय एकत्र चालतात का ते बघतात. ही आयुष्यात एकदाच देता येते. एकदाच. नापास झालात तर पुन्हा एनडीएतनं या, सीडीएसनं या, एएफकॅटनं या, फ्लाइंग मिळत नाही. आपल्याकडे सिनियर सांगतात की पहिला अटेम्प्ट अनुभवासाठी दे, लेखीला ते ठीक आहे, इथं अजिबात नाही. घासून तयारी करण्यासारखं यात फार नाही, आणि मोबाईलवर विमानाचा गेम खेळून काही होत नाही. चूक होते ती दुसरीकडं: रात्री दोनपर्यंत रूममध्ये गप्पा मारून सकाळी डोळे चोळत बसायचं, आणि सूचना देतात त्या अर्ध्या ऐकायच्या. टेस्टच्या आधी सगळं समजावून सांगतात, सराव देतात. कळलं नाही तर तिथंच हात वर करून विचारा, इंग्रजी मोडकं असलं तरी विचारा, सुरू झाल्यावर विचारता येत नाही.

शेवटी कागदपत्रं, कारण इथं आपल्या भागातली पोरं हमखास अडकतात. एसएसएलसी (दहावी) मार्क्स कार्डावर नाव इनिशियलनं, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण, पीयूसीवर स्पेलिंग तिसरंच, कारण मराठी आडनाव कोणी कन्नडमधनं इंग्लिशमध्ये लिहिलेलं असतं. जन्मतारीख तर दहावीच्या सर्टिफिकेटवरचीच धरतात. फॉर्म भरायच्या सहा महिने आधी सगळे कागद एका टेबलावर पसरून अक्षर न् अक्षर जुळवा, फरक असेल तर दुरुस्तीला तेव्हाच टाका, शाळा-बोर्ड-आधार केंद्र या फेऱ्यांना वेळ लागतो आणि निवड बोर्डाच्या कॉल लेटरवरची तारीख त्यासाठी थांबत नाही.